लहान व्यवसायाचा आराखडा : बँकेसाठी की स्वतःसाठी?

पोळपाट (कर्वेनगर)

मी आणि माझी धाकटी जाऊ गेली काही वर्षे घरूनच डबे देत आहोत. आता कर्वेनगरमध्ये गाळा घेऊन पोळीभाजी केंद्र सुरू करावे, असा विचार पक्का होत आला आहे. अनामत, भांडी, व्यावसायिक शेगडी, कणीक मळण्याचे यंत्र आणि फ्रीज मिळून साडेचार लाखांच्या आसपास खर्च येईल. त्यातला एक लाख आमच्या गाठीशी आहे आणि उरलेले साडेतीन लाख मुद्रा कर्जातून उभे करायचे आहेत. बँकेने प्रकल्प अहवाल मागितला आहे. अशी कामे करून देणाऱ्या एका गृहस्थांनी 'ताई, तुम्ही फक्त आधार आणि पॅन द्या, बाकी दोन दिवसांत माझ्यावर सोपवा' असे सांगून नमुन्यादाखल एक अहवाल दाखवला. त्यात भारतातील खाद्य उद्योगावर कितीतरी पाने होती, मात्र दुकान कोणत्या रस्त्यावर आहे आणि समोरून कोण जाते-येते याबद्दल एक ओळही नव्हती.

आम्ही दोघींनी वहीत केलेला हिशेब असा आहे. तीन पोळ्या आणि एका भाजीचे पार्सल ८० रुपयांना विकायचे. किराणा, भाजी, गॅस आणि पॅकिंग मिळून त्याला ४४ रुपये लागतात, म्हणजे एका पार्सलमागे ३६ रुपये सुटतात. भाडे २२,०००, पोळ्या करणाऱ्या दोन बायका आणि एक मदतनीस यांचे पगार ४०,०००, वीज ५,०००, किरकोळ ३,००० आणि कर्जाचा हप्ता ८,००० असा महिन्याचा बांधील खर्च ७८,००० रुपये होतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ८४ पार्सले विकली की खर्च भरून निघतो.

आम्हा दोघींची मजुरी यात धरायची की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. जाऊ म्हणते की आपण मालक आहोत, आपण पगार कसला घ्यायचा. जाणकारांना दोन प्रश्न विचारायचे आहेत. हा आराखडा आम्ही स्वतः लिहावा, की पैसे देऊन करून घ्यावा? आणि बँकेचे काम झाल्यावर त्याचा खरोखर काही उपयोग असतो का?

रविवारपेठी

ताई, माझे घाऊक पॅकिंग मालाचे दुकान आहे आणि नवी केंद्रे, नव्या बेकऱ्या, घरगुती फराळवाले हे सगळे माझे गिऱ्हाईक आहे. सुरुवातीला बोधचिन्ह छापलेले कप्प्यांचे डबे घेणारा मनुष्य सहा महिन्यांनी साध्या पिशव्या मागू लागला की त्याचे काय चालले आहे, हे त्याच्या अहवालापेक्षा मला आधी कळते. आमच्या आजोबांनी कसलाही आराखडा लिहिला नाही. ते रोजमेळ लिहीत, रात्री गल्ला मोजत आणि उधारी कुठे थांबवायची हे त्यांना अचूक कळत असे.

माझे मत विचाराल, तर कागद रंगवण्यात वेळ घालवू नका. गाळा घेण्याआधी महिनाभर घरूनच संध्याकाळची पार्सले विकून पाहा, आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये चिठ्ठ्या टाका आणि रोज किती जातात ते बघा. धंदा गल्ल्यावर कळतो. पाच वर्षांचे अंदाज लिहिणाऱ्याला पुढच्या महिन्यात तेलाचा डबा कितीला पडेल हेसुद्धा ठाऊक नसते.

वाचनवेडा

रविवारपेठी यांच्या म्हणण्याला अभ्यासाचाही आधार आहे. उद्योजकतेचे अभ्यासक अमर भिडे यांनी अमेरिकेतील वेगाने वाढलेल्या खासगी कंपन्यांच्या १९८९ सालच्या 'इंक ५००' यादीतील १०० उद्योगांच्या संस्थापकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांपैकी ४१ टक्के संस्थापकांकडे सुरुवातीला कोणताही लेखी आराखडा नव्हता, २६ टक्क्यांकडे अगदी जुजबी टिपण होते आणि सविस्तर आराखडा लिहिणारे २८ टक्केच होते. म्हणजे आराखड्यावाचून उद्योग उभा राहत नाही, असे म्हणता येणार नाही.

जुना शाखाधिकारी

मी राष्ट्रीयीकृत बँकेत लहान उद्योगांची कर्जप्रकरणे पाहत असे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सविस्तर सांगतो.

पैसे देऊन करून घेतलेला अहवाल आम्हाला लगेच ओळखू येत असे. त्यात विक्री दरवर्षी नेमकी दहा टक्क्यांनी वाढते, खर्च मात्र तेवढा वाढत नाही आणि पाचही वर्षे कोणीही उधारी बुडवत नाही. ब्युटी पार्लरच्या अहवालात 'कच्च्या मालाची साठवण गोदामात केली जाईल' असे वाक्य मी स्वतः वाचलेले आहे, कारण आधीच्या कोणाच्या तरी अहवालातले ते पुसायचे राहून गेले होते. अर्थात असा अहवाल फाइलला लागतो आणि पुष्कळदा कर्जही मंजूर होते. अडचण अर्जदाराला समोर बसवून एखादा साधा प्रश्न विचारला की सुरू होते. 'रोज शंभर पार्सले लिहिली आहेत, ती दुपारी किती जातील आणि रात्री किती?' असे विचारल्यावर जो मनुष्य अहवाल करून देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, त्याला कर्ज देताना अधिकाऱ्याचा हात आखडतो. तुम्ही स्वतः लिहिलेली दोन पाने असतील, तर या प्रश्नाचे उत्तर तुमच्या जिभेवर असेल.

आता तुमच्या मतभेदाविषयी. मजुरी धरलीच पाहिजे. दोघींची मिळून महिना ३०,००० रुपये धरली, तर बांधील खर्च १,०८,००० रुपयांवर जातो आणि ८४ ऐवजी रोज ११६ पार्सले विकावी लागतात. बँक कर्जफेडीची क्षमता मोजते, म्हणजे हप्ता सोडून सगळा खर्च भागवल्यावर उरणारी रक्कम हप्त्याच्या किती पट आहे ते पाहते. रोज ११६ पार्सलांच्या विक्रीवर, तुमची मजुरी न धरता, महिन्याला सुमारे ३८,००० रुपये उरतात आणि हप्ता ८,००० असल्यामुळे हे प्रमाण पावणेपाच पट दिसते. अहवाल करून देणारा नेमका हाच आकडा ठळक अक्षरांत छापील. परंतु त्यातून घरखर्चाला ३०,००० काढले की उरतात ८,०००, म्हणजे प्रमाण बरोबर एकावर येते. एखादी बाई आजारी पडली किंवा टोमॅटो भडकले, की त्या महिन्याचा हप्ता खोळंबला म्हणून समजा. सव्वा ते दीड पट प्रमाण असावे, अशी बँकांची साधारण अपेक्षा असते. घरातली माणसे फुकट राबतात असे गृहीत धरून नफ्यात दिसणारे कितीतरी धंदे मी पाहिले आहेत.

योजनांबद्दल थोडक्यात सांगतो. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली आणि तुमचे कर्ज ५०,००० ते पाच लाखांपर्यंतच्या 'किशोर' गटात बसते. त्यासाठी तारण द्यावे लागत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागातील महिला अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान असते. मात्र ते फक्त नव्या घटकासाठी असते, हातात रोख मिळत नाही आणि तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकलेले राहते. त्या योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवलेली होती, म्हणून तिच्या भरवशावर गणित मांडण्याआधी शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रात सद्यःस्थिती विचारून घ्या. अनुदानामुळे तोट्यातला धंदा नफ्यात येत नाही, तो तोटा काही महिने झाकला जातो इतकेच.

वाचनवेडा यांनी दिलेले आकडे बरोबर असले, तरी त्यांचा रोख वेगळा आहे. भिडे यांच्या यादीतले बहुतेक संस्थापक अगदी तुटपुंज्या भांडवलावर सुरू झाले होते. फसले तर ते दुसरे काही करून पाहू शकत होते, त्यामुळे आराखड्यात महिने घालवणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. शिवाय ती सगळी यशस्वी झालेली मंडळी होती, आराखडा न लिहिता बुडालेले लोक त्या यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. या ताईंना मात्र नोंदणीकृत करार करायचा आहे, अनामत द्यायची आहे आणि कर्जावर सही करायची आहे. जो पैसा एकदा गेला की परत आणता येत नाही तो किती आहे, यावर आराखडा किती बारकाईने लिहायचा ते ठरवावे. घरून डबे देताना वहीचे अर्धे पान पुरत होते, गाळा घेताना ते पुरणार नाही.

हिशेबनीस

शाखाधिकारी साहेबांच्या ११६ या आकड्यावर थोडे थांबावे लागेल, कारण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. रोज ११६ पार्सले, ८० रुपये भाव आणि २६ दिवस धरले, तर महिन्याची विक्री २ लाख ४१ हजारांवर जाते आणि वर्षाची २९ लाखांच्या घरात पोहोचते. शिजवलेले अन्न विकणे, मग गिऱ्हाईक तिथे बसून खावो वा पार्सल नेवो, वस्तू-सेवा करात सेवा मानले जाते आणि सेवेसाठी नोंदणीची मर्यादा आर्थिक वर्षात २० लाख रुपये उलाढालीची आहे. वस्तूंसाठी असलेली ४० लाखांची मर्यादा अनेक जण इथेही लावतात, ती इथे लागू होत नाही. तुम्ही जूनमध्ये सुरुवात केली आणि पहिल्या दिवसापासून एवढी विक्री झाली, असे समजा. मग नवव्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीत तुम्ही ही मर्यादा ओलांडाल.

त्यानंतर पाच टक्के कर आला. कंपोझिशन योजना, म्हणजे लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची पद्धत, घेतली तर तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तो तुमच्या ८० रुपयांतूनच जातो. म्हणजे पार्सलमागे चार रुपये कमी होऊन ३६ चे ३२ राहतात आणि ११६ पार्सलांचा आकडा १३० वर जातो. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी केली, तर दर पाच टक्केच राहतो, फक्त बिलात वेगळा दाखवता येतो. पण आपले गिऱ्हाईक ८४ रुपये देईल की शेजारच्या केंद्रात जाईल, हे तुम्हालाच ठरवावे लागेल. पुण्यात पोळीभाजीच्या गिऱ्हाइकाला चार रुपये नक्की दिसतात.

ॲपवरून विक्रीचा विचार असेल तर तोही वेगळ्या ओळीत लिहा. कमिशन चौथा हिस्सा धरले, तर ८० तले २० गेले, ४४ खर्च झाले आणि हाती १६ राहिले. तेव्हा 'रोज १३० पार्सले' असा एकच आकडा लिहून भागणार नाही, त्यांतली दुकानातून किती आणि ॲपवरून किती हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. दुकाने कायद्याखाली वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्रात २०१७ च्या अधिनियमानुसार केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते, त्याची काळजी करू नका. पण गाळ्यात घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर चालणार नाही, १९ किलोचे व्यावसायिक घ्यावे लागेल. तुमच्या ४४ रुपयांत गॅस कोणत्या दराने धरला आहे, ते तपासून घ्या.

भोसरीकर

माझे क्षेत्र वेगळे आहे, तरीही लिहितो, कारण आराखड्याचा जो भाग मला सर्वांत उपयोगी पडला त्याचा इथे अजून उल्लेख झालेला नाही. मी भोसरीत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतो. नफातोटा पत्रक कितीही देखणे असले, तरी आमचा जीव अडकतो तो पैसे येण्या-जाण्याच्या तारखांमध्ये.

महिन्याला पाच लाखांचा माल जात असेल आणि कारखाना ९० दिवसांनी पैसे देत असेल, तर कोणत्याही दिवशी माझे १५ लाख बाहेर अडकलेले असतात. खेळत्या भांडवलासाठी बँक अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के धरते, म्हणजे ६० लाखांवर १२ लाख. शिवाय वस्तू-सेवा कर पुढच्याच महिन्यात भरावा लागतो. कच्चा माल घेताना आधीच भरलेल्या कराचे क्रेडिट वजा जाऊन जे उरेल ते स्वतःच्या खिशातून भरायचे, कारखान्याचे पैसे आलेले असोत वा नसोत. हे महिनावार कोष्टक मी मांडले, तेव्हा दुसरी मोठी ऑर्डर घेतली तर चौथ्या महिन्यात पगाराला पैसे उरणार नाहीत, हे ती ऑर्डर घेण्याआधीच दिसले. त्या आधारे मी निम्मीच ऑर्डर घेतली. धंदा वाढवताना माणूस पैशावाचून अडतो, हे कोणी सांगून पटत नाही, रकान्यात उणे चिन्ह दिसावे लागते.

कायदा सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही आणि आयकर कायद्यातील एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)), आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्षात ४५ दिवसांचा मुद्दा काढला की पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाण्याची भीती असते. म्हणून आराखड्यात मी कायद्याचे ४५ लिहीत नाही, माझ्या खातेवहीत दिसणारे ९० लिहितो.

ताईंचा व्यवहार रोखीचा आहे, हे त्यांचे मोठेच सुख आहे. तरीही एखाद्या कार्यालयाला किंवा वसतिगृहाला महिन्याच्या उधारीवर डबे देणार असाल, तर तेवढ्यापुरते तुमचे दुखणे माझ्यासारखेच होईल.

रविवारपेठी

भोसरीकरांचे तारखांचे म्हणणे मला मान्य आहे. ते आमच्या आजोबांनाही मान्य झाले असते, कारण कोणत्या गिऱ्हाइकाचे पैसे दिवाळीआधी येणार आणि कोणाचे पाडव्यानंतर, हे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असे. माझा विरोध छापील अहवालाला होता, हिशेबाला नव्हता. तरीही एक महिना विकून पाहण्याचा आग्रह मी सोडत नाही. वरच्या सगळ्या चर्चेत ४४ रुपये हा आकडा सोडला तर बाकी विक्रीचे आकडे हवेतलेच आहेत.

पोळपाट (कर्वेनगर)

सर्वांचे मनापासून आभार. जावेला धागा वाचून दाखवला. मजुरीचा वाद मिटला आहे, पण १३० हा आकडा ऐकून ती जरा गप्पच झाली.

रविवारपेठी काका, घरून विकून पाहण्याचे आम्ही मनावर घेतले आहे. मात्र त्यातून सगळे कळणार नाही. घरून विकताना सोसायटीतले ओळखीचे लोक घेतात आणि दुकानात रस्त्यावरचे गिऱ्हाईक लागते. म्हणून मी दुसरेही एक काम केले. ज्या गाळ्याचे बोलणे चालू आहे, त्याच्या जवळच्या पोळीभाजी केंद्रासमोर संध्याकाळी सात ते नऊ उभी राहून पिशव्या घेऊन जाणारी माणसे मोजली. सोमवारी गर्दी होती, गुरुवारी त्याहून जास्त होती आणि शनिवारी निम्मीसुद्धा नव्हती, कारण शनिवारी रात्री लोक बाहेर जेवायला जातात. आता आराखड्यात वारानुसार वेगळे आकडे आहेत. शनिवारी एका बाईला सुट्टी देता येईल, हेही त्यातूनच सुचले.

भोसरीकरांनी सांगितल्याप्रमाणे महिनावार कोष्टकही केले आणि त्यात मे महिना डोळ्यांत भरला. आमच्या भागात महाविद्यालयीन मुले-मुली पुष्कळ राहतात. परीक्षा संपल्या की ती गावी जातात आणि कुटुंबेही सुट्टीत बाहेर असतात. मे महिन्यात रोज ६० पार्सले धरली आणि पार्सलमागे ३२ रुपये धरले, तर हाती ५०,००० च्या आत रक्कम येते. आमची मजुरी अजिबात घेतली नाही तरी ७८,००० चा बांधील खर्च आहेच, म्हणजे २८,००० चा खड्डा पडतो. दिवाळीतही मुले जातात, पण तेव्हा फराळाच्या ऑर्डरी असतात, त्यामुळे ती बाजू सावरते. एरवी श्रावणात आणि एकादशीला पोळीभाजी कमी जाते, त्या दिवसांसाठी साबुदाण्याची खिचडी आणि भगर ठेवायची असे ठरवले आहे.

या हिशेबामुळे गाळ्याच्या करारातही फरक पडला. मालकांना ११ महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार आणि त्यात दीड वर्ष गाळा न सोडण्याची अट हवी होती. पहिला मे महिना काढल्याशिवाय धंद्याचा अंदाज येणार नाही, हे कोष्टक दाखवून सांगितले. आता गाळा न सोडण्याच्या अटीत ते एका वर्षावर आले आहेत, मात्र भाडे कमी करायला तयार नाहीत. शिवाय कणीक मळण्याचे नवे यंत्र न घेता चांगल्या स्थितीतले वापरलेले घ्यायचे आणि त्यातून वाचणारे पैसे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायचे, असा विचार आहे. प्रकल्प अहवाल आम्हीच लिहितो आहोत. बँकेच्या नमुन्यात आकडे बसवण्यापुरती एका सनदी लेखापालांची मदत घेऊ.

शाखाधिकारी साहेब, एकच विचारायचे आहे. मे महिन्यातला हा खड्डा अहवालात दाखवावा का? वाचून बँक घाबरेल, असे जावेला वाटते.

जुना शाखाधिकारी

अवश्य दाखवा आणि तो कसा भरणार तेही त्याखालीच लिहा. बाजूला ठेवलेली रक्कम किती आणि ती कोणत्या खात्यात राहील, हे नमूद करा. बाराही महिने सारखी विक्री दाखवणाऱ्या अहवालापेक्षा असा अहवाल अधिकाऱ्याला जास्त विश्वासार्ह वाटतो, निदान मला वाटत असे.

त्याच अर्जात दोन मागण्या लेखी करा. पहिली, कर्ज उचलल्यानंतर मुद्दलाचा हप्ता सुरू होण्याआधी तीन ते सहा महिन्यांची सवलत मिळावी, म्हणजे गिऱ्हाईक जमेपर्यंत फक्त व्याज भरावे लागेल. दुसरी, हप्त्याची तारीख महिन्याच्या १० तारखेनंतरची असावी, कारण भाडे आणि पगार पहिल्या आठवड्यातच जातात आणि गल्ला पुन्हा भरायला थोडे दिवस लागतात. मंजुरीपत्र हातात आले की या दोन्ही गोष्टी त्यात लिहिल्या आहेत का, ते सही करण्याआधी वाचून पाहा. गाळ्याच्या मालकांना अनामत द्यायची ती त्यानंतरच द्या.